पाय वर जातो, खाली येत नाही

ओहोटी लागलेली. बोट किनाऱ्याकडे वळते, पाणी छातीएवढं, मग कमरेएवढं होतं. चालवणाऱ्याचा अंगठा सवयीनं बटणावर जातो. इंजिनाचा पाण्यातला पाय आता वर यायला हवा, नाहीतर पंख्याची पाती वाळूत रुतणार. बटण दाबलं जातं. मागून 'टक्' असा एकच आवाज येतो आणि पाय जिथल्या तिथं राहतो.

वीस-पंचवीस वर्षं पाण्यात काढलेल्या, दोन-तीन मालक पाहिलेल्या बोटीवर हा प्रसंग आज ना उद्या येतोच. किनाऱ्यावर जमलेल्या मंडळींचं निदानही ठरलेलं असतं: पंप गेला. मग पंप उतरवला जातो, नवा मागवला जातो, त्याच्या किमतीचा चटका बसतो. नवा पंप जोडून बटण दाबावं, तर पुन्हा तोच 'टक्'. बिघाड पंपात नव्हताच. तो होता पंपाच्या अलीकडे, कळकून हिरव्या पडलेल्या तांब्याच्या एका तारेत.

जुन्या बोटीचा ट्रिम, म्हणजे पाय वर-खाली करणारी यंत्रणा, बिघडला, तर हातात पाना घेण्याआधी बराच वेळ नुसतं ऐकायला आणि ताडून पाहायला द्यावा लागतो. ज्यांना हे काम साधतं ते पहिल्या पाच मिनिटांत काहीच उघडत नाहीत. ते कोणाला तरी बटण दाबायला बसवतात आणि स्वतः मागं जाऊन कान देतात.

वेगवान बोटीला ट्रिम कशासाठी लागतो, ते आधी पाहायला हवं. अशी बोट वेग घेते तेव्हा पाण्यावर चढते. तिचा पुढचा भाग, म्हणजे नाळ, हवेत येते आणि बोट तळाच्या मागच्या थोड्याशा भागावर घसरत धावते. नाळ किती उचलली जाईल, हे पंखा पाण्याला कोणत्या कोनातून लोटतो यावर अवलंबून असतं. पाय बोटीच्या अंगाशी ओढून घेतला की पिछाडी उचलली जाते आणि नाळ दबते. उभ्या बोटीला वेग देताना, किंवा समोरून लाटा येत असताना हेच हवं असतं. पाय थोडा मागं काढला की नाळ हलकी होते, पाण्यात टेकलेला तळ कमी होतो, घर्षण घटतं आणि तेवढ्याच इंधनात बोट जास्त पळते. प्रमाणाबाहेर काढला, तर नाळ पाण्यावर एकसारखी आपटू लागते, पंखा पाण्याबरोबर हवा ओढतो आणि इंजिन नुसतं घोंघावतं. म्हणून चालवणाऱ्याचा अंगठा दिवसभर त्या बटणापासून फार लांब जात नाही. प्रवास संपला की त्याच यंत्रणेनं पाय आणखी वर, पाण्याबाहेर काढायचा, म्हणजे उथळ किनारा लागो की ट्रेलर, पंखा सुखरूप राहतो.

पूर्वी हे सारं हातानं चाले. कोकणातल्या लहान फायबरच्या होड्यांवर कमी ताकदीचं ओबीएम असतं, म्हणजे होडीच्या पाठीला बाहेरून अडकवलेलं आउटबोर्ड इंजिन. किनारा जवळ आला की खलाशी ते आजही दोन्ही हातांनी ओढून तिरकं करतो. इंजिनं मोठी झाली तसं ते हाताबाहेर गेलं. १९५९मध्ये न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात व्होल्वो पेंटानं 'अ‍ॅक्वामॅटिक' नावाचा नवा प्रकार मांडला. त्यामागची कल्पना जिम विन या अमेरिकी इंजिनिअरची होती. इंजिन बोटीच्या आत, पिछाडीच्या फळीला लागून, आणि पंख्याचा पाय फळीबाहेर. तो वळवताही येतो आणि उचलताही येतो. याला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. दोनच वर्षांनी, १९६१मध्ये, अमेरिकेत मर्क्रूझर आलं आणि पुढच्या काही दशकांत तिथल्या तळ्यांवर, नद्यांवर, किनाऱ्यांवर स्टर्नड्राइव्हच्या लाखो बोटी दिसू लागल्या. आज तिथं 'जुनी बोट' म्हणून जी विकत मिळते, ती बहुधा या कुळातली असते. १९८० आणि ९०च्या दशकांतला मर्क्रूझरचा 'अल्फा वन' हा त्यातला अगदी ओळखीचा नमुना, आणि त्याच्या ट्रिम यंत्रणेवरून बाकीच्या बऱ्याच यंत्रणा समजतात.

बंदिस्त द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कालनं सतराव्या शतकात मांडलं. १७९५मध्ये इंग्लंडच्या जोसेफ ब्रामानं त्यावर चालणाऱ्या दाबयंत्राचं पेटंट घेतलं. गॅरेजमधला जॅक, डंपरची उचलली जाणारी पाठ, जेसीबीचा हात ही सगळी त्याचीच नातवंडं. बोटीचा ट्रिमही त्यांतलाच.

पायाच्या दोन्ही बाजूंना एकेक सिलिंडर असतो. त्यातून चकचकीत दांडा बाहेर येतो आणि आत जातो. बोटीच्या आत, पिछाडीजवळ, पंप बसवलेला असतो: वर बारा व्होल्टची मोटर, खाली एकमेकांत गुंतलेली दोन छोटी दातेरी चाकं, शेजारी तेलाची टाकी. मोटर एका बाजूनं फिरली की तेल पिस्टनच्या एका अंगाला जातं आणि पाय उचलला जातो. मोटर उलटी फिरली की तेल दुसऱ्या अंगाला जातं आणि पाय खाली येतो. बटण सोडल्यावर पाय तिथंच राहतो, कारण पंपातले छोटे व्हॉल्व तेलाची परतीची वाट अडवून धरतात. पाय उचलताना तेलाचा दाब दर चौरस इंचाला दोन हजार पौंडांच्या पुढं जातो. मोटारीच्या टायरमध्ये हवा भरताना आपण तीस-पस्तीस पौंड सांगतो, त्यावरून अंदाज यावा.

मोटरला एवढा प्रवाह लागतो, की तो बटणातून नेला तर बटण जळून जाईल. त्यामुळे बटण फक्त इशारा देतं. तो इशारा बारीक वायरीनं सोलेनॉइडकडे जातो. सोलेनॉइड म्हणजे विजेनं ओढला जाणारा जाड स्विच. तो आतले संपर्क एकमेकांना भिडवतो आणि बॅटरीचा खरा प्रवाह मोटरकडे सोडतो. 'टक्' हा आवाज त्याचाच. असे सोलेनॉइड दोन असतात, एक वर जाण्यासाठी, एक खाली येण्यासाठी. वायरींचे रंगही ठरलेले: निळी-पांढरी 'वर'ची, हिरवी-पांढरी 'खाली'ची.

सगळं निदान या दुहेरीपणावर उभं आहे. बॅटरी, जाड केबल, मोठा फ्यूज, मोटर, पंपाची चाकं आणि तेल हे दोन्ही दिशांना सामाईक. बटणाचा अर्धा भाग, एक बारीक वायर, एक सोलेनॉइड आणि पंपातला एखादा व्हॉल्व हे प्रत्येक दिशेचं स्वतःचं. पाय वर जातो पण खाली येत नाही, असं असेल तर सामाईक यादीतलं जवळपास सगळं एका झटक्यात संशयमुक्त होतं. बॅटरी चांगली आहे, मोटर फिरते, तेल आहे. आता शोधायचं ते फक्त 'खाली'च्या वाटेवर. यंत्राची चालणारी बाजू बिघडलेल्या बाजूविरुद्ध साक्ष देत असते, आणि ही साक्ष फुकट मिळते.

दोन अपवाद मात्र ध्यानात ठेवायला हवेत. पाय उचलायला ताकद जास्त लागते, खाली यायला वजनाची मदत होते. त्यामुळे अशक्त बॅटरीवर पाय खाली येईल पण वर जाणार नाही, आणि दोष 'वर'च्या सोलेनॉइडवर येईल. दुसरं, काही जुन्या मोटरींना तीन वायरी असतात आणि प्रत्येक दिशेचं आतलं वेटोळं वेगळं असतं. तिथं मोटर अर्धी जळू शकते.

चालत नसलेली बाजू 'खाली'ची आहे असं धरू. दोन्ही सोलेनॉइडकडे येणाऱ्या बारीक वायरी काढायच्या आणि अदलाबदल करून जोडायच्या. आता 'वर'चं बटण दाबलं की इशारा 'खाली'च्या सोलेनॉइडकडे जाणार. पाय खाली आला, तर सोलेनॉइड आणि त्यापुढचं सगळं ठीक. दोष बटणात किंवा हिरव्या-पांढऱ्या वायरीत. पाय हलला नाही, तर बटण निर्दोष आणि दोष सोलेनॉइडमध्ये किंवा त्याच्या पुढं. या चाचणीला एक छोटा पाना आणि दहा मिनिटं लागतात. तिच्याआधी कोणताही भाग विकत घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

पण या चाचणीला हात घालण्याआधी दोन खबरदाऱ्या घ्यायच्याच आहेत. स्टर्नड्राइव्हचा पंप इंजिनाच्याच कप्प्यात असतो आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यानं ती तळाशी साठून राहते. सोलेनॉइडच्या टोकांशी काम करताना ठिणगी उडू शकते. आधी कप्प्याचं झाकण उघडायचं, वाफ बाहेर टाकणारा ब्लोअर निदान चार मिनिटं चालू ठेवायचा आणि स्वतः वास घेऊन खात्री करायची. दुसरी खबरदारी पायाची. वर उचललेला पाय फक्त तेलाच्या आधारावर असतो, आणि इथं तर संशय त्याच तेलावर आहे. लाकडी ठोकळा, साखळी, ट्रेलरसाठी दिलेला टेकू, आउटबोर्डला असलेला कुलूप-दांडा, जे असेल ते लावल्याशिवाय खाली हात घालायचा नाही. तेलाची नळी गळतेय का, हे बोट फिरवून तर कधीच पाहायचं नाही. एवढ्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते आणि तरीही शस्त्रक्रियेसाठी तातडीनं रुग्णालय गाठावं लागतं.

आता आवाजाकडे येऊ. दोन्ही बटणांना पूर्ण शांतता असेल, 'टक्'ही नाही, तर आधी फ्यूज पाहायचे. मर्क्रूझरच्या यंत्रणेत बारीक वायरीवर २० अँपिअरचा आणि पंपापाशी ११० अँपिअरचा असे दोन असतात. फ्यूज शाबूत दिसला तरी त्याची बैठक गंजलेली असू शकते. पंपाच्या केबली बॅटरीपर्यंत स्वतंत्र जातात. नवी बॅटरी बसवताना घाईत त्या जोडायच्याच राहून जातात. इंजिन झकास सुरू होतं, ट्रिम मात्र मेलेला. 'बॅटरी बदलल्यापासून बंद आहे' असं कोणी सांगितलं, तर पुढचं काही विचारण्याआधी बॅटरीच्या टोकांकडे पाहावं.

'टक्' येतो पण मोटर फिरत नाही, ही सर्वांत फसवी अवस्था. सोलेनॉइड ओढला जातोय, पण त्याचे संपर्क जळून खरबरीत झालेत. किंवा मोटरचे ब्रश झिजलेत. किंवा प्रवाहच वाटेत आटतोय. यातला तिसरा प्रकार जुन्या बोटीत फार आढळतो. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं तर ते कळकतं, हे घरोघरी ठाऊक असतं. खाऱ्या हवेत तांब्याच्या तारेचंही तेच होतं. हिरवट कळक टोकापासून सुरू होतो आणि प्लास्टिकच्या आवरणाखालून आत सरकत जातो. बाहेरून वायर ठणठणीत, आतून भुकटी. म्हणूनच बोटीसाठी कल्हई केलेल्या तारेची वायर वापरतात. घरगुती वायर जोडून केलेली दुरुस्ती दोन-तीन हंगामांत पुन्हा डोकं वर काढते.

हा दोष नुसत्या तपासणीत सापडत नाही, कारण भार नसताना खराब वायरही पूर्ण व्होल्टेज दाखवते. मल्टीमीटर लावायचा तो बटण दाबून धरलेलं असताना. पूर्ण भरलेली, विसावलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. मीटरची एक तार बॅटरीच्या धन टोकावर, दुसरी मोटरच्या टोकावर ठेवायची आणि सहायकाला बटण दाबायला सांगायचं. मीटर जेवढे व्होल्ट दाखवेल तेवढे वाटेत हरवताहेत. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला, तर तार पुढं सरकवत एकेक जोड तपासत जायचं. जिथं आकडा उडी घेतो तिथं चोर. हेच नंतर अर्थिंगच्या केबलवर करायचं, कारण निम्म्या वेळा ती बाजू कोणी पाहतच नाही.

मोटर फिरते पण पाय हलत नाही, तेव्हा मात्र नजर तेलाकडे वळते. त्यातही आवाज ऐकावा. मोटर हलकी, भरभर, मिक्सर रिकामा फिरवावा तशी वाजत असेल, तर पंप तेल ढकलतच नाही. टाकी रिकामी झालीय किंवा मोटर आणि पंप यांना जोडणारी छोटी कडी तुटलीय. मोटर जड, घुसमटलेल्या आवाजात वाजत असेल, तर ती जोर लावतेय आणि काहीतरी अडलंय.

अल्फा वनवर एक वेगळाच बिघाड वारंवार भेटतो. तो नीट सांगायला हवा, कारण त्यानं अनेकांना निष्कारण पंप उतरवायला लावलंय. या बोटींच्या हँडलवर तीन बटणं असतात: खाली, वर आणि ट्रेलर. 'वर' बटणाचा इशारा एका मर्यादा-स्विचमधून जातो. पाय साधारण २० अंशांपर्यंत उचलला की हा स्विच वाट तोडतो. त्यामागं कारण आहे. त्या टप्प्यापर्यंत पायाला दोन्ही बाजूंनी धातूच्या पंखांचा आधार असतो. त्यावर गेला की आधार सुटतो, आणि तशा स्थितीत इंजिन मिनिटाला १२०० फेऱ्यांच्या पुढं नेलं, तर पाय आणि आतले सांधे मोडू शकतात. 'ट्रेलर' बटण हा स्विच ओलांडून जातं, कारण ते बोट उभी असताना पाय पूर्ण उचलण्यासाठी आहे.

आता 'वर' बटण दाबल्यावर काहीच होत नाही, पण 'ट्रेलर' दाबलं की पाय सुरळीत उचलला जातो, अशी तक्रार आली तर? पंप, तेल, बॅटरी, 'वर'चा सोलेनॉइड, सगळे ठीक. राहिले फक्त हँडलमधलं 'वर'चं बटण आणि मर्यादा-स्विच, आणि दोघांत स्विचवर संशय कितीतरी जास्त. तो पायाच्या डाव्या अंगाला, पाण्याच्या सतत संपर्कात असतो. त्याच्या वायरी पाय वळताना, उचलताना प्रत्येक वेळी वाकतात. हजारो वेळा वाकून त्या आवरणाच्या आत तुटतात. उजव्या अंगाला असाच दिसणारा दुसरा तुकडा असतो, तो ट्रिमचा काटा हलवतो. काटा मेला तरी पाय हलायचं थांबत नाही. त्यामुळे काटा बंद म्हणून पंपावर शंका घेण्यात अर्थ नाही. बरेच मालक स्विचच्या दोन वायरी बोटीच्या आत थेट जोडून टाकतात. पाय वर जाऊ लागतो खरा, पण मर्यादा संपते, आणि भर वेगात नवख्या हातानं बटण जरा जास्त दाबलं की सांध्यावर बेततं. ही जोडणी दोष शोधण्यापुरती ठीक. तिच्यावर बोट चालवू नये.

तेलाची पातळी पाहणं सोपं, तरी चुकतं. दांडा सिलिंडरमधून बाहेर आला की त्यानं अडवलेली जागा मोकळी होते आणि ती भरायला टाकीतलं तेल जातं. पाय वर असताना टाकी कमी दिसणं स्वाभाविक आहे. मर्क्रूझरच्या पंपाचं तेल पाय पूर्ण खाली असताना, टाकीवरच्या दोन खुणांच्या दरम्यान पाहतात. आउटबोर्डचं बहुधा उलट: इंजिन पूर्ण वर उचलून, कुलूप-दांडा लावून मगच झाकण उघडायचं. खाली असताना उघडलं तर तेल अंगावर उडतं. कोणतं तेल, हेही ज्याचं त्याचं. मर्क्रूझरच्या या पंपांना त्यांचं खास तेल नसेल तर १०डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल चालतं. यामाहाच्या अनेक आउटबोर्डना ऑटोमॅटिक गिअरचं एटीएफ लागतं. ब्रेक ऑइल मात्र कशातही घालायचं नाही; त्यानं रबरी सील फुगतात आणि सगळी यंत्रणा खोलावी लागते.

तेल काढून काचेच्या बाटलीत धरावं. स्वच्छ, पारदर्शक असेल तर छान. चहासारखं दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. ते बहुतेकदा सिलिंडरच्या तोंडाशी असलेल्या सीलमधून जातं: दांडा आत येताना स्वतःला चिकटलेलं पाणी सोबत आणतो. दुधाळ तेल नुसतं बदलून भागत नाही, पाणी शिरण्याची जागा बंद केल्याशिवाय महिन्याभरात पुन्हा तेच.

रात्री पाय वर करून ठेवला आणि सकाळी तो खाली लोंबकळत होता, ही तक्रार खऱ्या अर्थानं तेलाच्या बाजूची. बोटभर उतरणं गार हवेनंही होतं, तेल थोडं आकसतं. पण पूर्ण खाली आला तर गळती आहे, आणि ती बाहेर दिसेलच असं नाही. पिस्टनचा सील झिजला तर तेल आतल्या आत एका बाजूकडून दुसरीकडे पाझरतं, जमिनीवर थेंबही पडत नाही. किंवा पंपातल्या व्हॉल्ववर कचऱ्याचा कण अडकतो आणि तो पुरता मिटत नाही. दोघांत दोषी कोण, हे ठरवायला पाय उचलून पक्का टेकू द्यायचा, पायाचा भार टेकूवर येऊ द्यायचा, 'वर'ची नळी पंपापासून सोडवून तिचं तोंड तेवढा दाब सोसणाऱ्या बुचानं बंद करायचं आणि टेकू सावकाश काढायचा. पाय थांबला तर दोष पंपात. उतरला तर सिलिंडरमध्ये.

सिलिंडर दोषी ठरला तर नवे सील आणण्याआधी दांड्यावरून नख फिरवावं. कुठं अडलं, खड्डा लागला, तर नवे सीलही त्या खड्ड्यावर घासून फाटणार. दांडाच बदलायला हवा. आणि एका बाजूचे सील गेले असतील तर दुसरी बाजूही तेवढ्याच वयाची आहे. दोन्ही एकदमच करणं शहाणपणाचं.

शीर्षकातल्या कोड्याकडे परत. वीज तपासून झाली, 'खाली' दाबल्यावर मोटर नीट उलटी फिरतेय, तरी पाय खाली येत नाही. आता दोष खरोखरच पंपाच्या पोटात: परतीच्या वाटेवरचा व्हॉल्व चिकटलाय. आउटबोर्डवर अशा वेळी सुटका होते, कारण त्याला बोटीशी जोडणाऱ्या कंसाला एक चपट्या खाचेचा स्क्रू असतो. तो उलट दिशेनं दोन-तीन फेरे सैल केला की तेलाची वाट मोकळी होते आणि इंजिन हातानं खाली घेता येतं. स्क्रू पूर्ण काढायचा नाही, आणि घरी आल्यावर घट्ट करायला विसरायचं नाही. तो सैल राहिला तर मोटर फिरते, तेल आहे, तरी इंजिन उचलत नाही. कितीतरी 'मेलेले' पंप या एका स्क्रूनं जिवंत झालेत.

मालवण, तारकर्ली, देवबाग किंवा गोव्यातल्या बागा-कळंगुटला पर्यटकांना नेणाऱ्या बोटींवर मोठे आउटबोर्डच जास्त. त्यांची ट्रिमची मोटर बोटीच्या आत कोरडी नसते, ती कंसांच्या मधोमध, पाण्याच्या रेषेशी असते. रंग उडाला की तिच्या लोखंडी कवचाला गंज लागतो, गंजाचं बारीक भोक पडतं, पाणी आत जातं आणि ब्रश जाम होतात. इथं पंप आणि मोटर यांतलं अंतर पुसलं जातं, म्हणून मोटरच्या दोन वायरी सोडवून तिला बॅटरीवरून थेट प्रवाह देऊन पाहणं हा झटपट आणि खात्रीचा मार्ग. थेट दिल्यावरही गप्प, तर मोटर उतरवायची. फिरली, तर पुन्हा वायरींकडे वळायचं.

उपाय नेहमीचे आणि कष्टाचे आहेत. खाऱ्या पाण्यातून आल्यावर दररोज गोड्या पाण्यानं धुणं, दांड्यांची चमक सांभाळणं, गंज स्वतःवर घेणारे धातूचे तुकडे झिजले की बदलणं. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात तेव्हा इंजिन उभं, पूर्ण खाली ठेवावं, म्हणजे दांडे सिलिंडरच्या आत, तेलात राहतात. तिरकं ठेवलेल्या इंजिनाचे उघडे दांडे दमट हवेत ठिपक्याठिपक्यांनी गंजतात, आणि नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात गेली की त्या ठिपक्यांवर सील कापले जातात.

फार जुन्या बोटीची आणखी एक अडचण सुट्या भागांची. जॉन्सन आणि एव्हिनरूड ही इंजिनं बनवणारी अमेरिकेतली ओएमसी कंपनी डिसेंबर २०००मध्ये दिवाळखोरीत गेली. तिचे स्टर्नड्राइव्ह अजूनही पाण्यात आहेत, पण त्यांच्या ट्रिमचे भाग इतर उत्पादकांकडून किंवा मोडीत गेलेल्या बोटींतून मिळवावे लागतात. असा पंप हाती असेल तर तो खोलून ओ-रिंग बदलणं परवडतं. ज्याला बाजारात तयार जोडीदार सहज मिळतो, त्या पंपाच्या बारीक व्हॉल्वमागं घरी दिवसच्या दिवस घालवणं परवडत नाही; तिथली स्वच्छता आणि मापं स्वयंपाकघराच्या टेबलावर साधत नाहीत.

दुरुस्ती झाली की पाय चार-पाच वेळा पूर्ण वर आणि पूर्ण खाली न्यायचा, म्हणजे नळ्यांत अडकलेली हवा टाकीत येऊन निघून जाते. मध्ये मोटरला विश्रांती द्यायची, ती लगेच तापते. मग पाय ठरलेल्या स्थितीत आणून तेल भरायचं, टाकीवर चिकटपट्टी लावून पातळीची रेघ ओढायची, शेजारी तारीख लिहायची. दुसरी पट्टी दांड्यावर, सिलिंडरच्या तोंडाला लागून. पाय वर ठेवून, टेकू लावायचा तो किंचित खाली, पायाला न टेकणारा. सकाळी आधी दांड्यावरची पट्टी पाहायची, आणि आठवडाभर बोट चालवल्यावर पाय पुन्हा त्याच स्थितीत आणून टाकीवरची रेघ.